बौद्ध लिहिलं तर सवलत जाते का?



२०२७ च्या जनगणनेसाठी आम्ही वलगावात घरोघरी फिरतो आहोत. दारात पहिला प्रश्न ठरलेला : "दादा, बौद्ध लिवलं तं पोराची सवलत जाईन काय?"

ही भीती उगाच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धम्म घेतला आणि केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशात त्याच वर्षी शीख दलितांना पूर्ण जागा मिळाली. आपल्याला १९९० उजाडावे लागले. महाराष्ट्रात 'नवबौद्ध' म्हणून सवलत होती, पण केंद्राच्या नोकरीसाठी कित्येकजण घरात बुद्धवंदना घेऊन कागदावर हिंदूच राहिले. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पोटाचा प्रश्न होता.

आज धर्म बौद्ध, जात महार लिहिल्याने सवलत जात नाही. यंदा नोंद मोबाईलवर होणार. प्रगणक न विचारता 'हिंदू' टाकत असेल तर तिथेच थांबवा.

आता कार्यकर्त्यांना टोचेल ते. तोच आदेश दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिमांना अजूनही बाहेर ठेवतो. त्यासाठी २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला, तेव्हा आपल्यातलेच काही म्हणाले, "आपला वाटा कमी होईल." धर्म बदलला म्हणून गावाने आपल्याला विहिरीवर घेतले होते काय? १९९० पर्यंत हेच तर आपण दिल्लीला विचारत होतो. वाटा कमी पडतो तर वाढवून मागा. त्यांनाही सोबत घेऊन मागा.