स्क्रीनवरची हळद

फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप निवडताना पहिला प्रश्न स्क्रीनचा असतो आणि बराच काथ्याकूट झाल्यावर शेवटचाही तोच उरतो. रॅम किंवा प्रोसेसर कमी पडला तर काम रेंगाळते आणि ते लगेच कळते. स्क्रीन रंग चुकीचे दाखवत असेल तर ते कळत नाही, कारण डोळा काही मिनिटांतच समोरच्या पांढऱ्याला पांढरे मानू लागतो आणि बाकीचे सगळे रंग त्या हिशेबाने लावून घेतो. दुकानात मात्र बोलणे प्रोसेसरच्या पिढीपासून सुरू होते, मग रॅम, मग ग्राफिक्स कार्ड. स्क्रीनबद्दल ‘फुल एचडी आहे’ एवढ्यावर भागवले जाते.

लग्नाचे काम करणाऱ्यांना ही अडचण हळदीच्या फोटोंमध्ये सर्वांत आधी भेटते. मांडवाच्या पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड, पिवळी साडी, गालावर ओली हळद, कोपरापाशी वाळलेली हळद आणि या सगळ्याखाली नवरीची स्वतःची त्वचा. त्वचेचा रंग मुळातच नारिंगी आणि पिवळ्याच्या मधल्या पट्ट्यात येतो, म्हणजे हळदीच्या अगदी शेजारी. ओली हळद गडद आणि किंचित तांबूस, वाळलेली फिकट. साडीचा पिवळा या दोन्हींहून वेगळा. हे पिवळे एकमेकांपासून सुटे राहिले पाहिजेत. पिवळा कणभर हिरव्याकडे सरकला तरी नवरीला कावीळ झाल्यासारखी दिसते. लालकडे सरकला तर हळद जाते आणि उन्हाने रापलेली त्वचा उरते. मुंडावळ्यांचे मोती आणि मनगटावरचा हिरवा चुडा हे त्यातल्या त्यात आधार. पण मोतीही शुद्ध पांढरे नसतात, आणि चुड्याचा गर्द हिरवा दाखवताना बऱ्याच स्क्रीन हात टेकतात.

स्क्रीन किती रंग दाखवू शकते याचे माप एखाद्या ठरलेल्या रंगपट्ट्याच्या टक्केवारीत देतात. एसआरजीबी हा पट्टा ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये मांडला. वेब, बहुतेक फोटो लॅब आणि सर्वसाधारण जेपीजी फाइली आजही त्यावरच चालतात. अ‍ॅडोबी आरजीबी 1998 चा. त्यात हिरवा आणि निळसर हिरवा भाग अधिक मोठा. पी3 हा डिजिटल सिनेमातून आला. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र ‘45 टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एनटीएससीचा रंगपट्टा 1953 चा, अमेरिकन रंगीत टीव्हीचा. त्याचे 45 टक्के म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के. 72 टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. एवढे रूपांतर पाठ असले की अर्धी दुकाने चाळण्याचे श्रम वाचतात.

अपुऱ्या स्क्रीनवर हळद फिकी दिसते. ती फिकी दिसते म्हणून एडिटर सॅच्युरेशन वाढवतो, स्क्रीनवर ती ‘बरोबर’ होते आणि लॅबमधून शीट येते तेव्हा नवरीचा गाल भगवा निघतो. याच्या नेमके उलटे दुखणे रुंद पट्ट्याच्या ओएलईडी स्क्रीनचे. स्क्रीनची प्रोफाइल नीट लावलेली नसेल, किंवा फोटो दाखवणारे सॉफ्टवेअर ती वाचत नसेल, तर साधी एसआरजीबी फाइलही भडक दिसते. मग एडिटर रंग उतरवत जातो आणि छापील पानावर हळदीचा कार्यक्रम ढगाळ दिवशी झाल्यासारखा वाटतो. म्हणजे अधिक रंग दाखवणारी स्क्रीन आपोआप अधिक खरी ठरत नाही. एसआरजीबी पूर्ण भरणारी, प्रोफाइल पाळणारी साधी आयपीएस स्क्रीन लग्नाच्या अल्बमला पुरते. पी3 किंवा अ‍ॅडोबी आरजीबीचा उपयोग फाइन आर्ट प्रिंट करणाऱ्यांना, आणि ज्यांची लॅब तेवढे रंग कागदावर उतरवू शकते त्यांना.

रंगाच्या जोडीला उजेड. उजेडाचे माप नीट्समध्ये सांगतात. लॅपटॉपवर 300, 400, 500 हे आकडे ठळक छापलेले असतात. एडिटिंग मात्र 80 ते 120 नीट्सच्या दरम्यान करायचे असते, कारण कागद स्वतः उजेड देत नाही, पडलेला उजेड परत पाठवतो. पूर्ण ब्राइटनेसवर फोटो उजळ दिसतो, एडिटर एक्स्पोजर खाली ओढतो आणि अल्बम डार्क येतो. लग्नसराईत लॅब आणि फोटोग्राफर यांच्यात सर्वाधिक वाजते ते यावरूनच. लॅब म्हणते फाइलच डार्क होती, फोटोग्राफर म्हणतो मशीन बिघडले, आणि बहुतेक वेळा दोष दोघांच्या मधल्या त्या स्क्रीनचा निघतो. तरीही जास्त नीट्सचा फायदा आहे. बॅकलाइट वर्षांगणिक मंदावतो. 250 वर सुरू झालेल्या स्क्रीनपेक्षा 400 वर सुरू झालेली उतारवयातही कामाची राहते.

यावर उपाय कॅलिब्रेटरचा. स्क्रीनवर टेकवायचे हे छोटे यंत्र एकेक रंग मोजते आणि प्रोफाइल तयार करते. मूळ रंग आणि दिसणारा रंग यांतील फरक डेल्टा ई या मापात सांगतात. सरासरी दोनच्या आत आली तर सरावलेल्या डोळ्यालाही तक्रारीला फारशी जागा राहत नाही. 2008 च्या थिंकपॅड डब्ल्यू700 मध्ये असा सेन्सर मनगट टेकण्याच्या जागीच बसवून घेता येत असे. झाकण मिटले की स्क्रीन स्वतःला मोजून घेई. ती सोय पुढे रुजली नाही. आज वेगळे यंत्र विकत घ्यावे लागते आणि या व्यवसायातले बहुसंख्य लोक ते घेत नाहीत. अडचण पैशाची कमी आणि मानाची जास्त असते. ज्याच्या स्किन टोनची तारीफ झालेली आहे त्याला यंत्राने आपल्या डोळ्याचा निकाल लावावा हे रुचत नाही. प्रस्तुत लेखकही त्याच जातीचा. कॅलिब्रेशन झाल्यावर जुनी आणि नवी प्रोफाइल आलटून पालटून पाहायची आणि जुन्यातही काही गंमत होती असे मनाशी म्हणायचे, ही खोड अजून सुटलेली नाही.

डोळ्यावर इतका भरवसा ठेवण्यात एक शारीरिक अडचणही आहे. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा उजेड कमी आत पोहोचतो. चित्रकार क्लोद मोने याच्या मोतीबिंदूवर 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाली; त्यापूर्वीच्या त्याच्या चित्रांत तांबूस-पिवळ्याचा जोर आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर निळे रंग त्याला वेगळेच दिसू लागले. फोटोग्राफरचे भिंगही त्याच वाटेने जाते, फक्त सावकाश, म्हणून त्याची खबर लागत नाही. पन्नाशी ओलांडलेला एडिटर आणि त्याचा विशीतला शागीर्द एकाच स्क्रीनसमोर बसून हळदीवरून वाद घालतात तेव्हा दोघेही जे दिसते तेच सांगत असतात. अशा वेळी यंत्राचा आकडा मध्यस्थी करतो, आणि पोराचे म्हणणे बरोबर निघाले की उस्तादाला चहाची आठवण होते.

स्क्रीनचा पृष्ठभाग चकचकीत असला तर काळा अधिक खोल दिसतो, पण मागच्या खिडकीसकट एडिटरचा शर्टही दिसतो. मॅटवर प्रतिबिंब कमी, मात्र काही मॅट थरांमुळे पांढऱ्यावर बारीक चमचम येते. सहा बिटांची स्क्रीन प्रत्यक्षात 2,62,144 रंग दाखवते आणि बाकीचे झपाट्याने आलटून पालटून भासवते. आठ बिटांवर ही संख्या 1 कोटी 67 लाखांवर जाते. फरक कळतो तो स्टेजच्या मागच्या एकरंगी पडद्यावर, जिथे उजेडाची उतरण गुळगुळीत दिसण्याऐवजी पायऱ्या पडतात. रेझोल्यूशन फार वाढवूनही हशील नाही. सोळा इंचांवर 2560 बाय 1600 हे पुरेसे. त्याच आकारात 4के घेतले तर शंभर टक्क्यांवर पाहतानाही पिक्सेल इतके बारीक दिसतात की हात शार्पनिंगकडे जास्त जातो.

काही लबाड्या सॉफ्टवेअरच्या असतात. संध्याकाळी स्क्रीन पिवळी करणारा नाइट लाइट, खोलीच्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारा ट्रू टोन, कंपनीने घातलेला ‘व्हिव्हिड’ मोड हे पहिल्याच दिवशी बंद करावे लागतात. बॅटरी वाचवण्याची सोय त्याहून छुपी. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग आणि एएमडीमध्ये व्हॅरी-ब्राइट या नावाने ती असते. चार्जर काढला की फोटोनुसार बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट हलू लागतात. भारनियमनाच्या गावात लॅपटॉप घेण्याचे मुख्य कारणच बॅटरी असते आणि तिथेच रंग दगा देतो.

निवडीची खरी परीक्षा म्हणूनच दुकानात करायची असते, आणि तिच्यासाठी पेन ड्राइव्हमध्ये फाइल व पिशवीत तिचीच लॅबमधून आलेली प्रिंट न्यावी लागते. फाइल तीच, कागद तोच, ब्राइटनेस निम्म्याखाली. मग गाल आणि हळद यांतली सीमा पाहायची, काळ्या चंद्रकळेच्या निऱ्या सुट्या दिसतात का ते पाहायचे, शालूच्या लालमध्ये जर बुडतो का ते पाहायचे, आणि मान थोडी डावी-उजवीकडे नेऊन रंग पळतो का तेही. दुकानाचे दिवे आणि भिंती या परीक्षेत खोट घालतातच, पण एकाच दिव्याखाली चार लॅपटॉप शेजारी ठेवले की निदान त्यांच्यातला सर्वांत खोटा कोणता ते कळते.

हल्ली गेमिंग लॅपटॉप घेण्याची लाट आहे. त्याचा प्रोसेसर दणकट आणि ग्राफिक्स उत्तम. स्क्रीन मात्र पुष्कळदा वेगासाठी निवडलेली. 144 हर्ट्झचा गाल हलत नाही, त्यामुळे एडिटरला त्याचा उपयोग शून्य. याच लाटेतले दुसरे प्रकरण म्हणजे तयार प्रीसेट. एका क्लिकमध्ये सावल्या निळसर, त्वचा नारिंगी, आणि विदर्भातले लग्न काय, कोकणातले काय, सगळे एकाच रंगाचे. ज्याची हळद आणि त्वचा प्रीसेटनेच ठरते त्याला स्क्रीनच्या खरेपणाचे काही देणेघेणे उरत नाही. त्याने स्वस्त लॅपटॉप घ्यावा हेच शहाणपण. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करणारे आणि ब्रोमाइड प्रिंटवर हाताने रंग चढवणारे स्टुडिओतले जुने कारागीरही काही सत्यवादी नव्हते, गाल गुलाबी करून देतच. पण प्रत्येक गाल ते वेगळा रंगवत.

स्क्रीननंतर रॅम. 12 बाय 36 इंचांची अल्बम शीट 300 डीपीआयवर 3600 बाय 10800 पिक्सेलची होते. आठ बिटांत तिचा एक पूर्ण लेअर सुमारे 117 एमबी, सोळा बिटांत त्याच्या दुप्पट. त्यावर दहा-पंधरा फोटो, मास्क, मजकूर; शेजारी लाइटरूम आणि ब्राउझर उघडे. 8 जीबी यात टिकत नाही, 16 जीबी ही खालची मर्यादा, 32 जीबीत निवांत काम होते. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत आणि अ‍ॅपलच्या सगळ्याच नव्या यंत्रांत रॅम नंतर वाढवता येत नाही. पुढच्या पाच वर्षांचा विचार बिल करतानाच करावा लागतो.

स्टोरेज एसएसडीच हवे, शक्यतो एनव्हीएमई. साटा जोडणी सेकंदाला साधारण 550 एमबीशी थांबते, एनव्हीएमई तिच्या कैक पट पुढे जाते. एक टीबीखाली सुरुवात केली तर ऐन सीझनमध्ये फोटो पुसण्याची पाळी येते. मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम लॅपटॉप कोणताही असला तरी सुटत नाही. कार्डाची खाच अंगच्याच यंत्रात असावी. 2016 मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोमधून ती काढली आणि 2021 मध्ये परत आणली. मधली वर्षे फोटोग्राफरांनी डोंगल शोधण्यात घालवली.

प्रोसेसरबद्दल फार घासाघीस करण्याचे दिवस गेले. मध्यम वर्गातला कोणताही नवा प्रोसेसर कामाला येतो. ग्राफिक्सचे महत्त्व मात्र वाढले आहे. लाइटरूममध्ये 2023 साली आलेले एआय डिनॉइज जवळजवळ सर्वस्वी ग्राफिक्स कार्डावर चालते, आणि रात्रीच्या वरातीचे पाचशे फोटो त्यातून काढायचे असतील तर मिनिटांचे तास होतात. अतिपातळ यंत्र मे महिन्याच्या उकाड्यात तापते आणि आपला वेग आपणच उतरवते. थोडे जाड, नीट पंखे असलेले यंत्र अशा वेळी पुढे जाते.

मॅक की विंडोज, या वादात दोन्हीकडचे मुद्दे खरे आहेत. मॅकबुकची स्क्रीन खोक्यातून काढल्यावरच बऱ्यापैकी खरी असते आणि रंग-व्यवस्थापन सगळ्या यंत्रणेत मुरलेले असते. विंडोजमध्ये तेवढ्याच पैशांत अधिक रॅम, अधिक स्टोरेज आणि गावातच दुरुस्ती मिळते, पण स्क्रीन पारखून घ्यावी लागते. तिसरे कारण कोणी उघड बोलत नाही. पार्टीसमोर झाकणावरचे सफरचंद ठेवले की दराची बोलणी सोपी होतात. या मोहाला बळी पडलेल्यांच्या यादीत प्रस्तुत लेखकाचेही नाव आहे, आणि त्याचा फारसा पश्चात्तापही नाही.

अलीकडे निकाल देणाराच बदलला आहे. नवरीकडचे लोक फोटो आधी मोबाइलवर पाहतात, व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या फाइलीत, पूर्ण ब्राइटनेसच्या भडक स्क्रीनवर. त्यांना तीच हळद खरी वाटते आणि अल्बम आला की कागद फिका वाटतो. यावर लॅपटॉपच्या खरेदीत उत्तर नाही. कागदासाठी एक आणि मोबाइलसाठी एक अशा दोन फाइली काढाव्या लागतात, आणि त्या दोन्हींचे मूळ मोजलेल्या स्क्रीनवर ठरवावे लागते. मोबाइल तर प्रत्येकाचा वेगळा असतो.

बिल करण्याआधी मृत पिक्सेलबद्दलचा कंपनीचा नियम, स्क्रीनची वॉरंटी आणि जवळचे सर्व्हिस सेंटर पाहून घ्यावे. पहिल्या आठवड्यात कॅलिब्रेशन करून त्याचे आकडे जपून ठेवावेत आणि पुढे महिन्याला एकदा ताडावेत. कॅलिब्रेशनच्या वेळी स्क्रीन 120 नीट्सपर्यंत चढेनाशी झाली किंवा कोपरे पिवळे पडू लागले की तिच्यावर रंगाचे काम थांबवावे. प्रोसेसर आणि रॅम तोवर धडधाकट असतील तर बाहेरचा मॉनिटर जोडून तोच लॅपटॉप आणखी काही सीझन चालतो, आणि त्यानंतर कार्डे उतरवून घेण्यापुरता.