भवानी

आमच्या घराण्यातली दुकानदारी आजोबांबरोबर संपली. बार्शीला त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं. सकाळची पहिली विक्री झाली की ते पैसे कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकायचे. 'भवानी झाली' म्हणायचे. भवानीचं गिऱ्हाईक शक्यतो रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, मग दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, हा त्यांचा नियम. पुढे बाबा नोकरीत गेले, मी कॉम्प्युटरमध्ये, आणि कुणाला काही विकायची वेळ आमच्यावर आली नाही. ती आली गेल्या महिन्यात. न्यू जर्सीतल्या एका फायर हॉलमध्ये शनिवार-रविवार दोन दिवस मी टेबलावर सोलापुरी चादर अंथरून बसलो होतो आणि बेसबॉलची जुनी कार्डं विकत होतो.

(आत्या, हे वाचत असशील तर: नोकरी शाबूत आहे. काळजी नसावी.)

तर झालं असं. आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं राहायचं. त्यातले आजोबा गेल्या वर्षी गेले. जन्म १९४६चा, ब्रुकलिनचा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. उन्हाळ्यात संध्याकाळी मागच्या डेकवर रेडिओ लावून ते मेट्सच्या मॅच ऐकायचे, आणि कुंपणाच्या अलीकडे उभं राहून मी शंका विचारायचो. बदल्यात मी त्यांना क्रिकेट समजावलं. पाच दिवस खेळून मॅच अनिर्णित राहू शकते, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

त्यांच्या बायकोला मी तोंडावर नावाने हाक मारतो, इथल्या रीतीप्रमाणे. मनात मात्र 'काकू'च म्हणतो. काकूंनी घर विकून मुलीकडे राहायला जायचं ठरवलं आणि बेसमेंट रिकामं करायला काढलं. तिथे निघाली पुठ्ठ्याची १४ खोकी, आणि एक बुटांचा खोका. सगळी कार्डंच. त्या म्हणाल्या, "मोठी खोकी नातवंडांच्या कॉलेजसाठी घेऊन ठेवलेली. बुटांच्या खोक्यातली त्याची लहानपणची. तू विकशील का? दुकानदार मला फसवतील."

माणूस 'हो' म्हणतो. मीही म्हणालो.

ज्यांना ही कार्डं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्त्याहून जरा मोठं पुठ्ठ्याचं कार्ड, पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची आकडेवारी. बबलगमच्या पाकिटात यायची. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायचीच की. माझी आईने कधीतरी रद्दीत घातली. गंमत म्हणजे हा सगळा धंदा अशा आयांवरच उभा आहे. १९५०च्या दशकातल्या पोरांनी कार्डं भिंतीवर उडवून डाव खेळले, कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकात अडकवून फटफटीचा आवाज काढला, आणि पोरं मोठी झाल्यावर आयांनी उरलीसुरली फेकून दिली. म्हणून शिल्लक राहिलेल्यांना किंमत. टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी तर सांगून ठेवलंय, की १९५२ सालचा न खपलेला माल १९६०मध्ये त्यांनी बोटीतून नेऊन समुद्रात बुडवला. त्याच १९५२च्या मालिकेतलं मिकी मँटलचं एक कोरंकरकरीत कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. डोळे फिरतात ना? माझेही फिरले.

शुक्रवारी रात्री बुटांचा खोका घेऊन बसलो. १९५५ ते १९५८ या चार वर्षांतली कार्डं. एकेक प्लास्टिकच्या पाकिटात घालायचं, किमतीची चिठ्ठी लावायची. या व्यापारात कार्डाची 'प्रकृती' बघतात. कोपरे टोकदार आहेत का, चित्र बरोबर मधोमध छापलंय का, घडी पडलीय का. १ ते १० असे गुण देऊन कार्ड प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून देणाऱ्या कंपन्यासुद्धा आहेत. आजोबांची कार्डं त्या हिशेबाने १ नाहीतर २ गुणांची. कोपरे गोल झालेले, कुठे चिकटपट्टी, कुठे चिमट्याचा वळ. म्हणजे ज्या पोराने खेळणं कपाटात ठेवलं ते श्रीमंत झालं, आणि जे खेळलं ते नाही. मला हे जरा अन्यायाचं वाटलं, पण बाजारभाव काही माझ्याकडून ठरत नाही. चांगली कार्डं वेगळी काढली. ज्यांच्यावर भोकं, चिकटपट्टी किंवा पेनाचं लिखाण होतं ती सरळ एका डब्यात टाकली आणि वर लिहिलं, 'कुठलंही एक डॉलर'.

शनिवारी सकाळी सातला हॉलवर पोचलो. दार लोकांना नऊला उघडणार, पण खरी उलाढाल त्याआधीच. विक्रेतेच एकमेकांच्या टेबलांवर फिरत असतात, हातात घड्याळजीचं असतं तसलं भिंग. बाकीच्यांच्या टेबलांवर काळं कापड, कुलूपवाली काचेची पेटी. माझी लाल-हिरवी सोलापुरी चादर त्यात चांगलीच उठून दिसत होती. दोन दिवसांत तिघांनी तिची किंमत विचारली. कार्डांपेक्षा ती लवकर गेली असती :)

नऊ वाजून दहा मिनिटांनी भवानी झाली.

अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता, वडिलांबरोबर आलेला. दर वेळी येतो म्हणाला. त्याने डॉलरच्या डब्यात बराच वेळ हात घातला आणि १९५८चं ड्यूक स्नायडरचं कार्ड बाहेर काढलं. त्यावर निळ्या शाईने 'लॉस एंजेलिस' खोडून वर बाळबोध अक्षरात 'ब्रुकलिन' लिहिलेलं होतं. त्याने विचारलं, "हे असं का लिहिलंय?"

मला काय, विषयच मिळाला. आजोबांकडून पन्नास वेळा ऐकलेली गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगितली. डॉजर्स हा ब्रुकलिनचा संघ. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनला घेऊन त्यांनी मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची बंदी मोडली. वर्ल्ड सिरीजमध्ये यँकीजकडून पुन्हा पुन्हा हरले आणि १९५५ला एकदाचे जिंकले. ब्रुकलिनचं ते एकमेव अजिंक्यपद. आणि १९५७चा मोसम संपल्यावर मालकाने संघच उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला नेला. (आपल्या भाषेत सांगायचं तर मुंबईची रणजी टीम उद्या दुसऱ्या राज्याच्या नावाने खेळायला लागली, तर शिवाजी पार्कात काय होईल?) १९६०मध्ये त्यांचं मैदानही पाडलं. "तर ज्या मुलाचं हे कार्ड होतं," मी म्हणालो, "त्याला ते मान्य नव्हतं."

मुलाने खिशातून डॉलरची चुरगळलेली नोट काढली. मी ती कपाळाला लावली. त्याचे वडील चमकून बघायला लागले, तेव्हा त्यांनाही भवानीचा अर्थ सांगितला. मग ती नोट गल्ल्यात न टाकता शर्टाच्या खिशात ठेवली. फार खूश होतो मी. आजोबांचं रक्त वगैरे.

दुपारी गर्दी ओसरल्यावर शेजारच्या टेबलावरचा विक्रेता, साठीतला, गप्पिष्ट, माझ्या चौदा खोक्यांकडे बघून म्हणाला, "सत्त्याऐंशी ते एक्याण्णव, बरोबर?" न उघडता! मी म्हटलं, कसं ओळखलं? तर म्हणाला, प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये तीच असतात. मग त्याने हिशेब समजावला. ऐंशीच्या दशकात जुन्या कार्डांचे भाव वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अख्ख्या अमेरिकेने ठरवलं की आता आपण फेकायची नाहीत. लोकांनी खोकीच्या खोकी घेतली. कंपन्यांनीही हात न आखडता छापली. कुणी खेळलं नाही, कुणाच्या आईने टाकलं नाही. सगळी कार्डं कोरी, सगळ्यांकडे. म्हणजे किंमत शून्याच्या आसपास. या काळाला इथे 'जंक वॅक्स' म्हणतात. "१९८९चं अप्पर डेकचं ग्रिफी आहे का?" त्याने विचारलं. त्या काळातलं लोक अजून मागतात असं ते एक कार्ड. नव्हतं. आजोबा टॉप्सचे निष्ठावंत. लाकडी चौकटीच्या नक्षीची १९८७ची कार्डं मात्र इतकी होती, की त्यांत घर शाकारता आलं असतं. एका संचात ७९२, आणि संच किती ते मी मोजायचं सोडून दिलं.

नातवंडांचं कॉलेज! माझी तर भूकच मेली. हॉलमध्ये हॉटडॉगशिवाय काही मिळत नव्हतं म्हणा.

रविवारी धंदा बरा झाला. १९५५चं जॅकी रॉबिन्सन, मधोमध घडी पडलेलं, मी ४०० सांगितले होते. एक बाई आल्या, दोनदा बघून गेल्या, तिसऱ्यांदा येऊन ३००ला मागितलं. घासाघीस सगळीकडे सारखीच असते. 'शेवटचे किती घ्याल?' हे वाक्य कुठल्याही भाषेत त्याच सुरात म्हणतात. ३२५ला दिलं. सँडी कोफॅक्सचं १९५५चं, त्याचं अगदी पहिलं कार्ड, २८०ला. मागे चिकटपट्टी नसती तर कितीतरी जास्त आले असते, असं घेणाऱ्यानेच पैसे मोजताना सांगितलं. किरकोळ ६१०. डॉलरच्या डब्यातले ४८. आणि चौदा खोक्यांपैकी एक खोकं एका शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना बक्षिसं द्यायला म्हणून ५ डॉलरला नेलं. उरलेली तेरा गाडीत परत भरली. एकूण १,२६८, टेबलाचे ९० वजा जाता १,१७८.

परतीच्या वाटेवर मी वाक्यं जुळवत होतो. कॉलेजबद्दल कसं सांगायचं? बाजार सध्या मंद आहे म्हणावं, की सरळ खरं सांगावं? घराजवळ आलो तरी काही ठरलं नव्हतं.

काकूंनी पैसे न मोजता ड्रॉवरमध्ये ठेवले. मी खोक्यांचं खरं काय ते सांगून टाकलं. त्या हसल्या. "ते मला वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यालाही कळलं होतं. पण दर नाताळला नवीन संच आणून ठेवताना त्याला इतका आनंद व्हायचा, की कोण बोलणार?" मग मला विकायला का सांगितलं, असं विचारणार होतो, पण तेवढ्यात त्या बुटांचा खोका उघडून उरलेली कार्डं चाळायला लागल्या. एकदा चाळली. परत चाळली.

"एक स्नायडरचं होतं," त्या म्हणाल्या. "त्यावर त्याने लिहिलं होतं. त्याची काय किंमत येणार? म्हणून तुला वेगळं काढायला सांगितलं नाही. म्हटलं, ते परत येईलच."

मी काही बोललो नाही.

"आम्ही दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा त्याने मला ते पाकिटातून काढून दाखवलं होतं. बाविशीतला माणूस. मी म्हटलं, हा काय प्रकार आहे."

मग मी सांगितलं. कितीला गेलं तेही सांगितलं. त्या दिवशी चादरीमागे उभं राहून मी ती गोष्ट इतकी रंगवून सांगितली होती, की त्या गोष्टीमुळेच ते कार्ड विकलं गेलं, हे मात्र सांगायचं धैर्य झालं नाही. काकूंनी विचारलं, "केवढा होता मुलगा?" मी म्हटलं, असेल अकरा-बारा वर्षांचा. "त्यानेही बाराव्या वर्षीच लिहिलं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि कॉफी टाकायला उठल्या. माझ्या शर्टाच्या खिशात ती नोट होती. ती काढून टेबलावर ठेवावी की नको, ते ठरेपर्यंत कॉफी झाली. नोट अजून माझ्याकडेच आहे.

बायको म्हणते, त्यांनी आधी सांगायला हवं होतं, तुझी चूक नाही. तिचं बरोबर असेल. पण गोष्ट मला पाठ होती, अक्षर कुणाचं तेही माहीत होतं, आणि तरी मी शुक्रवारी रात्री ते कार्ड एका सेकंदात डॉलरच्या डब्यात टाकलं होतं. शाई लागली होती ना!

त्याच हॉलमध्ये पुढचा शो मार्चमध्ये आहे. टेबल घेतलेलं नाही, पण दार उघडायच्या वेळेला जाऊन उभा राहणार आहे. मुलगा दर वेळी येतो म्हणाला होता. आता, आपणच विकलेलं कार्ड त्याच्याकडे परत कुठल्या तोंडाने मागायचं, आणि किती देऊ करायचे, याचा विचार चालू आहे. आजोबांच्या दुकानात विकलेलं कापड परत घेत नसत. परत मागायची वेळ आली तर काय करायचं, ते काही त्यांनी शिकवलं नाही.