लिंकनच्या आईची टेकडी

अमेरिकेला जाणारी आपली माणसं न्यूयॉर्क पाहतात, नायगारा पाहतात, जमलं तर ग्रँड कॅन्यन. इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाला कुणी मुद्दाम जात नाही. मीही गेलो नसतो, पण भाची लुईव्हिलला नोकरीला आहे आणि तिथून लिंकन सिटी गाडीने साधारण दीड तासावर. नावात सिटी असली तरी चार घरांचं खेडं आहे. अब्राहम लिंकनचं बालपण इथल्या जंगलात गेलं, म्हणून 1962 साली ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली. मला मात्र तिथे लिंकनपेक्षा त्याची आईच जास्त भेटली.

नॅन्सी हँक्स लिंकन. तिचं एकही चित्र किंवा छायाचित्र नाही. सहीच्या जागी ती फुली मारत असे. घरचे बाप्टिस्ट पंथाचे. बायबलातल्या गोष्टी आणि वचनं ती मुलांना सांगायची, असं जवळची माणसं पुढे आठवून सांगत. केंटकीत तिचं एक तान्हं मूल गेलं होतं. 1816 च्या डिसेंबरात नवरा थॉमस, नऊ वर्षांची सारा आणि सात वर्षांचा अब्राहम यांच्यासह ती ओहायो नदी ओलांडून इथे आली. इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला तोही त्याच महिन्यात. आता इथे गवत कापलेलं आहे, पायवाटा आखलेल्या आहेत. तेव्हा झाडं तोडल्याशिवाय ऊन जमिनीवर पडत नव्हतं. त्यांच्या लाकडी घराची जागा आज दाखवतात. जमिनीलगतचे ओंडके आणि चूल यांचा ब्राँझमधला ठसा आहे, बस्स. त्या चौकोनाशेजारी उभं राहिलं की वाटतं, एवढ्याशा जागेत चार माणसांचा संसार!

संसार दोनच वर्षं टिकला. 1818 च्या पावसाळ्यानंतर, असं आपण म्हणू, पण तिथे तो उन्हाळ्याचा शेवट, परिसरात एक विचित्र आजार आला. आधी गुरं थरथर कापू लागत, मग त्यांचं दूध प्यालेली माणसं ओकाऱ्यांनी बेजार होत आणि थोड्याच दिवसांत दगावत. लोक त्याला ‘मिल्क सिकनेस’ म्हणत. नॅन्सीचे मावशी-काका, स्पॅरो पतिपत्नी, जवळच राहत. ते आजारी पडले तेव्हा तिने त्यांची सेवा केली. शेजारच्या ब्रूनरबाईंचीही केली. तिघंही गेले. मग ती स्वतः अंथरुणाला खिळली. 5 ऑक्टोबरला ती गेली. वय चौतीस. जाण्यापूर्वी मुलांना जवळ बोलावून तिने सांगितलं, वडिलांशी, एकमेकांशी नीट वागा, देवाला विसरू नका. ही आठवण तिच्या नात्यातल्या डेनिस हँक्सने कितीतरी वर्षांनी सांगितली.

कारण काय होतं? जंगलात सावलीला उगवणारं, पांढऱ्या बारीक फुलांच्या झुबक्यांचं एक झुडूप, व्हाइट स्नेकरूट. कुरण वाळलं की गुरं रानात शिरून ते खात आणि विष दुधात उतरे. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि वाटेच्या कडेला ते फुललं होतं. भाची म्हणाली, “मामा, ही आपली चोर्ला घाटातली रानमोडीच की!” खरंच तशी दिसत होती, दोन्ही एकाच कुळातल्या. सांगतात की शेजारच्या इलिनॉयमध्ये अ‍ॅना बिक्सबी नावाच्या सुईणीला एका शॉनी आदिवासी म्हातारीने हे झुडूप दाखवलं. बिक्सबीने मग आपल्या भागातून ते उपटून काढायला लावलं. पण प्रयोगशाळेतून त्यावर शिक्कामोर्तब व्हायला 1920 चं दशक उजाडलं. म्हातारीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

मला राहून राहून वाटत होतं ते चुलीवरच्या भांड्याबद्दल. आजाऱ्याच्या तोंडी घोटभर दूध घालणं ही कुठल्याही आईची पहिली सवय. त्या वर्षी तीच सवय जिवावर बेतत होती.

नवरा सुतारकाम करणारा. त्यानेच फळ्या तासून शवपेटी केली, नऊ वर्षांच्या अब्राहमने लाकडी खिळे तासून दिले, असं सांगतात. धर्मोपदेशक आसपास नव्हता. केंटकीतला ओळखीचा पाद्री काही महिन्यांनी येऊन प्रार्थना म्हणून गेला, अशी तिथली कथा. इतक्या भाविक बाईला निरोपाची प्रार्थनाही उशिरा मिळाली. पुढे अकरा वर्षांची सारा घर सांभाळू लागली. वर्षभराने वडिलांनी दुसरं लग्न केलं. ती सावत्र आईही चांगली निघाली, पण ती वेगळी गोष्ट.

टेकडीवर नॅन्सीची कबर कितीतरी वर्षं दगडाविना होती. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, मारला गेला, तरीही. 1879 मध्ये साउथ बेंडच्या पीटर स्टुडबेकर या गाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने दगड बसवला. त्यावर देणाऱ्याचं नाव नाही, हुतात्मा पुत्राचा एक मित्र एवढंच. दगडावर लोक एक-एक सेंटची नाणी ठेवून जातात. नाण्यावर मुलाचा चेहरा.

रस्ता ओलांडला की लिंकन स्टेट पार्क लागतं. तिथल्या जुन्या बाप्टिस्ट चर्चच्या आवारात साराची कबर आहे. 1828 मध्ये बाळंतपणात ती गेली, वय वीस. बहुतेक गाड्या टेकडी पाहून परत फिरतात. तुम्ही कधी गेलात तर तिकडेही जा, पाचच मिनिटांवर आहे.