जिव्हेर्नीच्या रस्त्यावरची धूळ

पॅरिस, 26 सप्टेंबर, रात्री



तुमची लेक सुखरूप पोचली. नागपूर सोडल्यापासून पाठ टेकलेली नाही, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घ्या.

आई पहिल्यांदा चटणीचंच विचारेल, म्हणून तेच आधी. मधल्या एका विमानतळावर गणवेशातल्या माणसाने पिशवी उघडायला लावली. जवसाच्या चटणीचा डबा काढला, झाकण उघडून नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं. खाण्याची वस्तू आहे असं सांगून झालं, चिमूटभर खाऊन दाखवून झालं, तरी डबा पुन्हा पुन्हा यंत्रातून फिरला. शेवटी त्याने तो झाकण न लावताच टेबलावरून पुढे सरकवला. एक शब्द बोलला नाही. अर्धी चटणी स्वेटरवर सांडली. आईने रात्री जागून कुटलेली चटणी होती ती. राग अजून गेलेला नाही.

उरलेली पुरवून खावी लागणार. पाव चांगला मिळतो, पण तीनदा पाव खाल्ला की पोट भरतं आणि जेवण झाल्यासारखं वाटत नाही. आज एका दुकानात भात मिळाला. चिकट गोळा, वर वरणाचा थेंब नाही, आणि त्या वाटीभर भाताच्या पैशांत घरी सगळ्यांचं दोन वेळचं जेवण झालं असतं. थंडी अशी की आत्याचा स्वेटर अंगातून निघत नाही, चटणीच्या वासासकट.

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून उतरलं का? मावशी भामरागडलाच अडकली असेल. काकांचा ताप कसा आहे, रक्त तपासलं का, ते नक्की कळवा.

*

पॅरिस, 28 सप्टेंबर, बागेतल्या बाकावर

ज्या बैठकीसाठी इथवर येणं झालं, ती काल आटोपली. आयफेल टॉवर बसमधून दिसला, नोत्र दामपुढची रांग पाहून परत फिरणं झालं. आता मुख्य गोष्ट.

बाबा, ओसरीवर कितीतरी वर्षं टांगलेलं ते जुनं कॅलेंडर, तळ्यातल्या कुमुदांचं. ते ज्याचं, त्या क्लोद मोनेची मोठी चित्रं त्युलरी बागेच्या टोकाला ओरांजरी नावाच्या इमारतीत आहेत. संत्र्याची झाडं हिवाळ्यात आत ठेवता यावीत म्हणून ही इमारत 1852 साली बांधली. आता आत दोन लंबगोल दालनं आहेत. प्रत्येकात चार चित्रं, भिंतीच्या वळणाबरोबर वळलेली. आठ चित्रांचे मिळून 22 फलक. उंची दोन मीटर, आणि सगळ्यांची लांबी जोडली तर जवळजवळ 100 मीटर.

कॅलेंडरवर काठ दिसायचा, पूल दिसायचा. इथे काठही नाही आणि क्षितिजही नाही. आभाळ आहे, पण पाण्यात पडलेलं. ढग खाली, विलोच्या फांद्या वरून उतरलेल्या, आणि त्यांच्यामध्ये कुमुदाची पानं. मधल्या बाकावर बसलं की कुठून बघायला सुरुवात करायची हेच कळत नाही. मान फिरेल तिकडे पाणी. माणसं आत येतात आणि आपोआप हळू चालायला लागतात.

जवळ गेलं की फूल नाहीसं होतं. उरतात ते रंगाचे जाड, खरबरीत फराटे, सारवलेल्या भिंतीवर उमटलेल्या बोटांसारखे. एका ठिकाणी गुलाबी रंगाचा नुसता ओरखडा आहे, त्याखाली हिरवा, त्याखाली काळपट जांभळा. चार पावलं मागे सरलं की तेच पाण्यावर तरंगणारं उमललेलं फूल होतं. हे पुन:पुन्हा करून पाहिलं. रखवालदार बघत राहिला, पण अडवलं नाही.

हे काम त्याने 1914 साली हाती घेतलं, सत्तरी ओलांडल्यावर. आधी बायको गेली होती, त्याच वर्षी थोरला मुलगा गेला. लगेच महायुद्ध सुरू झालं, धाकटा मुलगा आघाडीवर. वर काचा असलेली प्रचंड चित्रशाळा बांधून घेऊन हा माणूस कुमुदं रंगवत राहिला. 11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध थांबलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या मित्राला, पंतप्रधान क्लेमान्सोला, पत्र लिहून दोन फलक देशाला देऊ केले. दोनाचे बावीस झाले. पण दालनं उघडली 1927 च्या मे महिन्यात. मोने 1926 च्या डिसेंबरात वारला होता.

पुढे 1960 च्या दशकात दालनांवर आणखी मजला चढवला आणि वरून येणारा उजेड बंद झाला. तो मजला काढून दिवसाचा उजेड पुन्हा आत यायला 2006 साल उजाडलं. आज बाहेर ढग आला तेव्हा आतलं पाणीही काळवंडलं. त्या क्षणी आपली गावातली बोडी, ते लहानसं तळं, आठवली.

पुढचं आजीला मोठ्याने वाचून दाखवा. मोनेला 1912 मध्ये मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनच्या भीतीने त्याने अकरा वर्षं काढली. रंग मातकट दिसायचे, ट्यूबवरची नावं वाचून रंग घ्यावे लागायचे. शेवटी 1923 मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी सगळं निळं दिसतं म्हणून तो वैतागला, मग रंगीत काचांचा चष्मा लावला आणि पुन्हा चित्रांना भिडला. आजी, शंभर वर्षांपूर्वीच्या ऑपरेशननंतर हे झालं. आता तर त्याच दिवशी घरी सोडतात. दिवाळीनंतर तुझ्या ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही.

*

जिव्हेर्नी, 29 सप्टेंबर, संध्याकाळी

सॅं लाझार स्टेशनवरून व्हेर्नोंची गाडी, तिथून बस. हे स्टेशनही मोनेने 1877 साली रंगवलेलं, इंजिनाच्या धुरासकट. सकाळपासून पोटात फक्त सफरचंदाची एक गोड पोळी. कणीक लोण्यात भिजवलेली, गरम होती म्हणून बरी लागली.

मोने इथे 1883 मध्ये भाड्याने राहायला आला, 1890 मध्ये घर विकत घेतलं. तळं इथे आधी नव्हतंच. 1893 मध्ये त्याने रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या एका फाट्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली. गाव विरोधात उभं राहिलं. परदेशी झाडांनी पाणी बिघडेल, धुणं आणि गुरं त्याच पाण्यावर, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. नदी त्यांचीही होती, आणि वरच्या अंगाला कोणी काही करायला लागलं की खालच्याला विचारावंच लागतं. आपल्याकडे ग्रामसभेत याहून वेगळं काय बोलतात? परवानगी मिळाली. मग लातूर-मार्लियाक या रोपवाल्याने तयार केलेली रंगीत कुमुदं आली. तोवर थंड मुलखात बहुतेक पांढरीच फुलायची.

आता धुळीचं. घराकडची बाग आणि तळं यांच्यामधून रस्ता जातो. आज लोक त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जातात. मोटारी सुरू झाल्या तशी रस्त्याची माती उडून कुमुदाच्या पानांवर बसायला लागली. तळ्यासाठी त्याने वेगळा माळी ठेवला होता. तो सकाळी होडीतून जाई, सुकलेली पानं काढी, शेवाळ काढी, पानांवरची धूळ धुऊन काढी. तेही पुरेना, तेव्हा मोनेने रस्त्यावर डांबर टाकायला स्वतःचे पैसे दिले.

हे कळल्यावर काठावरून पाय निघेना. पाण्यावर धुळीचा थर बसला की त्यात आभाळ पडत नाही, आणि आभाळ पडलं नाही तर ओरांजरीतलं एकही चित्र झालं नसतं. एवढ्या निवांत चित्रांच्या मागे रोज सकाळी होडी घेऊन पाण्यावर जाणारा एक माळी आहे. सुरजागडच्या डोंगरावरून खनिजाचे ट्रक उतरायला लागले तेव्हापासून आपल्या बोडीवरची पानं लाल आहेत. पावसाळ्यात धुतली जातात, दिवाळीनंतर पुन्हा लाल. आई अंगणात वाळवण घालत नाही. कापसाची बोंडं लाल, आणि माणसं आता त्याबद्दल बोलायचीही थांबली आहेत. इथे एका माणसाच्या फुलांसाठी रस्ता डांबरी झाला. आपल्याकडे बोडीच्या पाण्यावर मासोळी आहे, गुरं आहेत, धान आहे.

मोने गेल्यावर ही बागही उजाड झाली होती. 1977 पासून तळं उपसलं, झाडं नव्याने लावली, 1980 मध्ये लोकांसाठी उघडली. म्हणजे गेलेलं पाणी परत आणता येतं. आज तीनचार फुलं उरली होती, मिटत आलेली. होडी काठाला बांधलेली. एका माळ्याशी बोलायचं होतं, पण भाषा आडवी आली.

*

विमानतळ, 1 ऑक्टोबर, घाईत

विमान सुटायला थोडाच वेळ आहे, पाकीट इथेच पोस्टात टाकते. बाबा, मोनेसारखा पैसेवाला आपल्याकडे नाही, पण भंडारा-गोंदियाकडच्या ढिवर बायांनी स्वतःच्या मेहनतीने तळी पुन्हा जिवंत केली आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांतली बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि गेलेल्या मासोळ्या परत आल्या. त्यांच्यापैकी कोणी येऊन आपल्या बोडीचा तळ पाहील का, ते पाटलांकडे विचारून ठेवा. आणि ग्रामसभेत दोन गोष्टी लेखी मांडा: रस्त्यावर पाणी मारायची वेळ ठरवून घेणे, आणि ट्रकवर ताडपत्री. ठरावाची नक्कल तहसीलला द्या, पोच घ्या. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला आजूबाजूची सगळी गावं डोंगरावर येतात, तेव्हाही हा विषय काढता येईल.

धान कापायला माणसं ठरली का? आईला सांगा, पोचल्याबरोबर भात, अंबाडीची भाजी आणि सुकी मासोळी. आजीचा डॉक्टरांकडचा नंबर आजच लावा.