पोर्टलंडच्या आडोशाला

ऑगस्ट संपत आला की वेमथ बंदरातल्या चार्टर बोटवाल्यांची पंचाईत होते. इंग्लिश खाडीचं पाणी वर्षात सर्वांत उबदार असतं ते याच सुमारास, १७ अंशांच्या आसपास. बांगडे आणि बास किनाऱ्यालगत आलेले असतात, शाळांना सुट्ट्या असतात, बोटीतल्या जागा कधीच भरलेल्या असतात. आणि नेमके तेव्हाच अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक यायला लागतात. २०२५ साली एरिन चक्रीवादळाचे अवशेष ऑगस्टअखेरीस ब्रिटनच्या पश्चिमेला येऊन ठेपले आणि हवा बिघडली ती बिघडलीच.

त्याच आठवड्यात मालवणचे मामा आमच्याकडे आले होते. दीड दिवसाचा गणपती गुरुवारी विसर्जन केला आणि शनिवारी पहाटे आम्ही वेमथचा रस्ता धरला. मामांचा जन्म गरवण्यात गेलेला. बोटीचं भाडं माणशी किती हे ऐकून मात्र ते बराच वेळ गप्प होते. मासे मिळोत न मिळोत, पैसे आधी मोजायचे, हा व्यवहार त्यांना पटणारा नव्हता.

बेत शॅम्बल्सचा होता. पोर्टलंडच्या टोकापासून थोडं पूर्वेला, वाळू आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा हा पाण्याखालचा उंचवटा टर्बट या चपट्या, महागड्या माशासाठी प्रसिद्ध आहे. त्याची दुसरी कीर्ती जुनी. ५ फेब्रुवारी १८०५ ला ईस्ट इंडिया कंपनीचं 'अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी' हे बंगाल आणि चीनकडे निघालेलं जहाज याच उंचवट्यावर आपटलं आणि वेमथच्या उपसागरात बुडालं. अडीचशेवर माणसं गेली. कप्तान जॉन वर्ड्‌स्वर्थ, कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थचा भाऊ, त्यांतच होता.

धक्क्यावर तांडेलाने सगळ्यांना गोळा केलं आणि आज शॅम्बल्सला जायचं नाही असं सरळ सांगून टाकलं. दोन जणांनी नाकं मुरडली. त्याने वाद घातला नाही. ज्यांना यायचं नसेल त्यांचे पैसे परत, एवढंच म्हणाला.

कारण साधं आहे, पण किनाऱ्यावरून दिसत नाही. इथली भरती पूर्वेकडे वाहते, ओहोटी पश्चिमेकडे. वारा नैऋत्येचा. तो आणि पाणी एका दिशेने चालले तर लाटा लांबट असतात, बोट त्यांवर चढते-उतरते, फारसं बिघडत नाही. पाणी फिरलं की दोघे आमनेसामने येतात आणि तीच लाट आखूड होऊन उभी राहते. त्यात पोर्टलंडच्या टोकाशी समुद्राचा तळ एकदम वर आलेला. तिथे पाण्याचा जो कल्लोळ होतो त्याला 'पोर्टलंड रेस' म्हणतात आणि मोठी जहाजंही त्याला वळसा घालून जातात. ऑगस्टचा समुद्र म्हणून गाफील राहायची सोय नाही. १९७९ ची फास्टनेट शर्यत ऑगस्टच्या मध्यावरच वादळात सापडली होती. ३०३ शिडाच्या बोटी निघाल्या होत्या, १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले.

"आज सप्तमी," मामा मला म्हणाले. "भांग असणार. पाण्याला ओढ कमी."

मी ते तांडेलाला सांगितलं. त्याने खिशातून भरती-ओहोटीची पुस्तिका काढून बोट ठेवलं आणि मामांकडे नव्या आदराने पाहिलं. तरीही तो टोकाकडे वळला नाही. पोर्टलंडच्या कड्याआड, उपसागरात बोट नेली. वारा तिथे डोक्यावरून जात होता.

सहा गळांची माळ, प्रत्येक गळाला रंगीत पिसं, खाली शिसं. तळाला टेकलं की चार हात वर घ्यायचं आणि हलवत राहायचं. मामांनी दिलेली काठी बाजूला ठेवली, नुसती डोरी मागून घेतली आणि ती तर्जनीवर सोडून डोळे मिटले. बांगडे आले ते एकदम चार. आपल्याकडच्यांपेक्षा सडपातळ, पाठीवर हिरव्या-काळ्या वळ्या. स्विंडनहून आलेल्या एका पोराला मात्र तोवर बोट लागली होती. तांडेलाने त्याला मधोमध बसवलं आणि क्षितिजावरून नजर काढू नकोस म्हणून दटावलं.

मग बास लागला. तांडेलाने पट्टीवर धरला, ४० सेंटिमीटर. नियम ४२ चा, म्हणून पाण्यात सोडला. मामांना हे एक वेळ कळलं. कळलं नाही ते पुढचं. शेजारच्या गृहस्थाने ठिपक्यांची लहान मुशी ओढली, तिने अंग वळवून त्याच्या मनगटाला विळखा घातला. पॉलिशपेपरसारखं कातडं, मनगट लालेलाल. त्याने शिवी हासडली आणि ती भिरकावून दिली.

"अरे, मोरी टाकतोय हा!" मामा उभेच राहिले. "मोरीचं मटण खाल्लं नाही का याने कधी?"

त्यानंतर लागलेल्या तीन मोऱ्या मामांच्या बादलीत आल्या. त्या सोलताना सगळी बोट भोवती जमली. पोटाकडून चीर, शेपटीपर्यंत, मग कातडं कापडाने पकडून एका दमात मागे ओढायचं. बोट लागलेलं पोरगंसुद्धा क्षितिज सोडून बघत होतं.

दुपारी वारा पश्चिमेकडे सरकला, पावसाची सर आली, पाणी फिरायच्या आत आम्ही बंदरात होतो. टर्बट न मिळाल्याची कुरकुर काही थांबली नव्हती. तांडेलाचं तिकडे लक्ष नव्हतं. डेक धुता धुता तो रविवारच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावत होता, उद्या बोट निघणार नाही म्हणून. मामांनी मला मध्ये घालून त्याला विचारलं, असे दिवस बुडाले तर सरकार काही देतं का? तो हसला आणि त्याने उलट विचारलं, तुमच्याकडे देतं?

मामांनी पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचं सांगायला सुरुवात केली. ते संपेपर्यंत पार्किंगची वेळ उलटून गेली होती.