पहाटेचे चार बेचाळीस

बँकेच्या शाखेतील सर्व संगणकांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात, तिला नेटवर्क स्विच म्हणतात. तिलाही घड्याळ असते आणि कोणता संगणक केव्हा जोडला गेला, याची नोंद ती त्या घड्याळाप्रमाणे ठेवते. मी शाखाधिकारी असताना तपासणीसाठी एका दिवसाची ही नोंद काढली. काउंटरवरचा संगणक पहाटे ४ वाजून ४२ मिनिटांनी सुरू झालेला! बाहेरच्या दाराची किल्ली शिपायाकडे असे. ते वयाने वडील, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणत असू. लेखी पुराव्यावर विसंबण्याच्या सवयीने मी त्याच दुपारी त्यांना खुलासा मागणारा मेमो दिला. “साहेब, त्या वेळी मी घरी पाणी भरत असतो,” एवढेच ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी प्रादेशिक कार्यालयातून एक तरुण अभियंता आला. नोंद पाहून म्हणाला, “सर, यात साडेपाच तास मिळवा.”

१० वाजून १२ मिनिटे.

अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या एनटीपी या पद्धतीने स्विच टाइम सर्व्हरकडून वेळ घेतो. निरोप जाऊन येण्यास लागलेला अवधीही ती हिशेबात धरते. मात्र ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. स्विच बसवणाऱ्याने सर्व्हरचा पत्ता दिला होता. भारतीय कालविभाग नोंदवायचे तेवढे राहून गेले होते.

अभियंत्याने ते केले आणि एकाऐवजी तीन सर्व्हर दिले. दोघांची वेळ जुळली नाही तर खरा कोण हे ठरत नाही, तिसरा असला की चुकणारा उघडा पडतो, हे त्याचे म्हणणे माझ्यासारख्या हिशेबनीसाला लगेच पटले. शेवटी त्याने स्तर तपासला. अणुघड्याळाचा स्तर शून्य. १६ दिसला तर घड्याळ जुळलेलेच नाही असे समजावे. आमचा ४ होता.

तो गेल्यावर मी इतर दिवसांच्या नोंदी उघडल्या. रोजच आमची शाखा पहाटे उघडत होती आणि दुपारी साडेबाराला बंद होत होती! आणखी एक पान उलटले असते तरी पुरे होते.

मेमो मागे घेतल्याचे पत्र मी स्वहस्ते लिहिले आणि त्याची प्रत मामांच्या सेवाफायलीत लावली. मामांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवले. त्यांच्या ‘साहेब’ म्हणण्यातला पूर्वीचा मोकळेपणा मात्र माझी बदली होईपर्यंत परतला नाही.