न सापडलेले पित्ताशय

प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदराला, म्हणजे रॅटला, पित्ताशय नसते. कोठीतल्या पिटुकल्या उंदराला असते, घोड्याला नसते, माणसाला असते. सस्तन प्राण्याची शरीररचना शिकवायला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पसरला जायचा तो असा अपवादांचा प्राणी. डाव्या फुप्फुसाचा एकच खंड, उजव्याचे चार. आकृतीत प्रत्येक अवयवाला आपला रंग आणि बाण असतो. आत सगळेच ओले, गुलाबी-तपकिरी, एकमेकांना बिलगलेले. चिमटा यकृताखाली हिरवी पिशवी शोधतो आणि ती नसतेच. माझ्या मते विच्छेदनाचा खरा धडा हाच.

उंदीर कापून काय कळते ते मुंबईने एकदा फार गंभीरपणे पाहिले आहे. 1896मध्ये प्लेग आला. 1905मध्ये प्लेग संशोधन आयोग परळच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. गल्लीबोळांतून मेलेले उंदीर येत, आणि मानेतली सुजलेली गाठ, कातडीखालची लाली, यकृतावरचे ठिपके, छातीत साचलेले पाणी पाहून नुसत्या डोळ्यांनी निदान होई. ते पोट उघडताना आत काय निघेल हे कापणाऱ्याला ठाऊक नसे. वर्गात मात्र उत्तर आधीच छापलेले असे, आणि तरी जीव नवा लागे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011पासून विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले, 2014मध्ये थांबवायला सांगितले. जैन भट्टारकांची जुनी पीठे असलेल्या, वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडमध्ये जीवदयेचा विचार या परिपत्रकासाठी थांबला नव्हता. कुणी म्हणेल, वाशिमच्या शेतांत विष घालून उंदीर मारतातच, मग प्रयोगशाळेतल्या चारांचे काय एवढे? पण शेतकऱ्याला पीक राखायचे असते. वर्गाने आपली गरज वेगळी सिद्ध करायला हवी, आणि छापील उत्तराची उजळणी ही काही गरज नव्हे. दुसरा आक्षेप जड आहे: खऱ्याऐवजी दाखवल्या जाणाऱ्या पडद्यावरच्या उंदराला वास नाही, चिकटपणा नाही, आणि तो आकृतीशी तंतोतंत जुळतो. मान्य. म्हणून मटणाच्या दुकानातली कलेजी, फुप्फुस, वजडी ट्रेमध्ये यावी. तो बोकड वर्गासाठी मेलेला नसतो. हात लावायला नको वाटणाऱ्या मुलाने लांबून पाहावे. राहता राहिली प्रात्यक्षिकाची वही. पुस्तकाशी न जुळणारे लिहिणाऱ्याला गुण मिळत नसतील, तर ट्रेमध्ये काहीही ठेवा, मुले पुस्तकच उतरवतील.